पद राहू दे, आधी यादी माग

पत्र असं आलंय –

"काकू नमस्कार. मी सिडकोत सहाव्या स्कीमकडे राहते, वय ३४. घरीच पाचवी ते आठवीच्या ट्यूशन घेते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, एक मुलगी आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तीन महिने तुंबलेलं होतं. मी ८७ सह्या गोळा केल्या, विभागीय कार्यालयात चार चकरा मारल्या, तेव्हा काम झालं. तेव्हापासून एका पक्षाचे लोक घरी येतायत, महिला आघाडीचं प्रभाग उपाध्यक्षपद देतो म्हणतात, नियुक्तीपत्र तयार आहे, फ्लेक्सला फोटो द्या म्हणे. माझा विचार खरं तर दुसऱ्या पक्षाकडे जास्त जातो, पण त्यांचं आमच्या भागात कोणी फिरकत नाही. मिस्टर म्हणतात हे आपल्यासारख्यांचं काम नाही, त्यात पैसा लागतो. सासूबाईंना रात्रीच्या मीटिंगचं टेन्शन. मला ट्यूशनच्या पालकांचं. पण चेंबर साफ झालं त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही हे पण खरं आहे. पद घेऊ का? रविवारी ते परत येणारेत उत्तर घ्यायला. – सिडकोतली एक वाचक, नाव छापू नका."

अगं, तुझं ते झोप न लागल्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. मला ते ओळखीचं आहे. मी नाशिकरोडला जेलरोडच्या बाजूला राहते, आमच्याकडे एका पक्षाचं बूथचं काम मी २२ वर्षं केलं, शिवणक्लास सांभाळून. पक्षाचं नाव लिहीत नाही कारण तू ते वाचून त्याच पक्षात जाशील किंवा मुद्दाम जाणार नाहीस, आणि दोन्ही मला नको आहे.

तर आधी सरळ उत्तर. पक्षाच्या कामात ये, नक्की ये, तुझ्यासारखी बाई आली पाहिजे. पण हे उपाध्यक्षपद आत्ता घेऊ नको. त्याच्याऐवजी तुझा विचार ज्या पक्षाकडे जातो त्यांच्याकडे तुझ्या बूथची मतदार यादी माग.

का ते सांगते. ही जी पदं वाटतात ना, प्रभाग उपाध्यक्ष, सहसंघटक, कार्यकारिणी सदस्य, निमंत्रित सदस्य, त्यातल्या बऱ्याच पदांना काम नसतं. एका प्रभागात उपाध्यक्षच आठ-दहा असतात. पत्र मिळतं, शाल मिळते, चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो येतो आणि त्यानंतर फोन येतो तो एकाच गोष्टीसाठी, ताई सभा आहे, दहा बायका घेऊन या. तू गल्लीतल्या बायकांना घेऊन जातेस, त्या तुझ्या शब्दावर येतात, दोन तास उन्हात बसतात, नेते उशिरा येतात, आणि घरी परतताना त्या तुझ्याकडे बघतात. ज्या ८७ लोकांनी तुझ्या कागदावर सही केली त्यांचा विश्वास त्या एका दुपारी खर्च होतो. मी हे केलेलं आहे, म्हणून सांगते.

आता यादीचं.

विधानसभा-लोकसभेला एका बूथवर पूर्वी १५०० पर्यंत मतदार असायचे, आता निवडणूक आयोगाने ती मर्यादा १२०० वर आणलीय. यादीच्या एका पानावर साधारण ३० नावं बसतात, म्हणजे बूथ म्हणजे चाळीसेक पानं. भाजपवाले याच पानाला पन्ना म्हणतात आणि त्याला पन्नाप्रमुख नेमतात, शिवसेनेच्या पद्धतीत शाखाप्रमुख आणि त्याच्याखाली गटप्रमुख असतो, मनसेत शाखाध्यक्ष, काँग्रेसमध्ये ब्लॉक आणि त्याखाली बूथ कमिटी. नावं वेगळी पण सगळ्यांची शेवटची पायरी हीच, चाळीस पानं आणि ती पानं घेऊन दारोदार जाणारं माणूस. आणि खरं सांगते, हे माणूसच मिळत नाही. पदाला माणसं भरपूर, पानाला कोणी नाही.

यादी हातात आली की पेन्सिल घे, पेन नको, कारण खोडावं लागतं. एक गल्ली घ्यायची, घराघरात जायचं आणि फक्त विचारायचं, तुमच्याकडची ही नावं बरोबर आहेत का. मत कुणाला देता हे विचारायचं नाही, पहिल्या फेरीत तर अजिबातच नाही. तुला काय काय सापडेल ते आत्ताच सांगते. वारलेल्या माणसांची नावं, चार चार वर्षं तशीच. लग्न होऊन गेलेल्या मुली. सिडकोची घरं लहान म्हणून पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेऊन गेलेली मुलं, आईबाप इथे, नाव पण इथे. अंबडच्या कंपन्यांत कामाला आलेले, दहा वर्षं भाड्याने राहणारे, रेशनकार्डापासून गॅसपर्यंत सगळं इथलं आणि मतदार यादीत नाव गावाकडे नाहीतर कुठेच नाही. एकाच बाईचं नाव दोनदा, एकदा माहेरच्या आडनावाने. एकाच घरातले चौघं, दोघं एका केंद्रावर आणि दोघं पलीकडच्या शाळेत.

ह्या प्रत्येकाला उपाय आहे आणि तो तुला पाठ पाहिजे. नवीन नाव फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात चूक, फोटो चुकला तर फॉर्म ८. नाव वगळायचं तर फॉर्म ७. आणि १८ पूर्ण व्हायची तारीख आता फक्त १ जानेवारी धरत नाहीत, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षाला चार तारखा आहेत. त्यामुळे तुझ्याकडे काही वर्षांपूर्वी आठवीला असलेली पोरं-पोरी आता एकेक करून १८ ची होत असतील, त्यांना तू सोडून कोण सांगणार. फॉर्म ऑनलाइन पण भरता येतो, बीएलओकडे, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाकडे (बूथ लेव्हल ऑफिसर), कागदावर पण देता येतो. तुमच्या भागाचा बीएलओ कोण आहे ते यादीच्या कामाला लागायच्या आधीच शोधून काढ, बऱ्याचदा शाळेतले शिक्षक नाहीतर अंगणवाडी ताई असतात, त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो, त्यांच्याशी नीट बोल, त्यांच्यावर दादागिरी करणारे कार्यकर्ते खूप असतात, तू त्यातली होऊ नको. पक्षाच्या वतीने बीएलएची रीतसर नेमणूक होते, बूथ लेव्हल एजंट. उपाध्यक्षपदापेक्षा ते पद माग. त्याला फ्लेक्स नसतो पण यादीत चूक दिसली तर पक्षातर्फे बोलायचा अधिकार असतो.

एक गोष्ट मात्र कानाला खडा. फॉर्म ७ कुणी तुझ्याकडे गठ्ठ्याने आणून दिले, ताई सह्या करा, ही लोकं इथे राहतच नाहीत म्हणून, तर हात लावू नको. स्वतः दारात जाऊन खात्री केल्याशिवाय एकावर पण सही नाही. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण त्याहून मोठं म्हणजे एका जित्या माणसाचं मत तू खोडलं असं होतं. तो दुसऱ्या पक्षाचा मतदार असला तरी. हे मी पक्षातल्या पोरांशी भांडून भांडून सांगितलेलं आहे आणि अजून सांगते.

आणि लोकांचे फोन नंबर मिळतील तुला, ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नको, पक्षाच्या पण नाही.

मनपाच्या निवडणुकीला वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागाप्रमाणे फोडतात. त्या फोडण्यात रस्त्याच्या अलीकडचे पलीकडच्या प्रभागात जातात. प्रारूप यादी लागते, हरकती घ्यायला थोडेच दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत ज्याच्याकडे आधीपासून पेन्सिलने केलेली यादी तयार आहे तोच काही करू शकतो. बाकीचे मतदानाच्या दिवशी केंद्रावर आरडाओरड करतात माझं नाव गायब झालं म्हणून. जानेवारी २०२६ मध्ये मनपाचं मतदान झालं तेव्हा तू पण पाहिलं असशील हे. आता निवडणूक झाल्यावर कोणालाच यादी आठवत नाही, म्हणून तर हा काळ चांगला आहे. रोज पाच घरं केलीस तरी दोन-अडीच महिन्यांत बूथ फिरून होतो.

तू म्हणशील एवढ्या बारीक कामाने काय होतं. हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत आपल्या नाशिक मनपाची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार, प्रभाग ३१, म्हणजे एका प्रभागाला जवळजवळ ४८ हजार माणसं, आणि ही पंधरा वर्षांपूर्वीची मोजणी. बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात कुठलाही उमेदवार स्वतः दारोदार पोचू शकत नाही, त्याला बूथवरच्या माणसांवरच अवलंबून राहावं लागतं. आणि दुसरी बाजू अशी की चेंबर तुंबलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. तुझ्या चार चकरा का झाल्या? विचार कर, मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात गल्लीत ज्या बायकांनी कागद घेऊन चकरा मारल्या त्यांनीच शहर थोडंफार चालतं ठेवलं असं माझं मत आहे. तपोवनातल्या झाडांसाठी लोक उतरले ते पण कोणी पद दिलं म्हणून नाही उतरले.

मग पक्ष हवाच कशाला, असं तुझे मिस्टर विचारतील. माझं उत्तर असं की चेंबर एकटीने साफ करून घेता येतं पण ड्रेनेजची लाइन बदलायची तर बजेट लागतं, बजेट महासभेत ठरतं, आणि महासभेत पक्ष बसतात. कायद्यात क्षेत्रसभा नावाची गोष्ट आहे, २००९ मध्ये आली, आपल्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसून कामं सुचवायची अशी. माझ्या भागात ती भरलेली मी कधीच पाहिली नाही. ती भरवा असं कोणीतरी पक्षाच्या आत बसून लावून धरलं पाहिजे. बाहेरून निवेदन दिलं की पोच मिळते, पुढे काही होत नाही.

आता कुठला पक्ष. इथे मी तुझ्याशी थोडी कडक बोलणार आहे. तुझा विचार एकीकडे आणि पाय दुसरीकडे, असं करू नको. ते लोक घरी आले, आदराने बोलले, बरं वाटलं, सगळ्यांना वाटतं. पण आलेलं आमंत्रण म्हणजे विचार नाही. आपल्या नाशकात वारं कसं फिरतं बघ, २०१२ मध्ये मनपात मनसेचे ४० होते, २०१७ मध्ये ५ राहिले, त्याच वेळी भाजप १४ वरून ६६ वर गेला. जे वारं बघून गेले ते प्रत्येक वेळी परत निघाले. आणि २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी, तेव्हा वरच्या लोकांचे निर्णय रातोरात झाले पण खाली शाखेत बसणाऱ्यांचे हाल झाले, दोन्हीकडून फोन, प्रतिज्ञापत्रावर सह्या करा, तुम्ही आमचे का त्यांचे. वीस वर्षं एकत्र चहा पिणारी माणसं बोलेनाशी झाली. अशा वेळी जो विचार करून आला होता त्याला निदान स्वतःला उत्तर देता आलं, पद बघून आला होता त्याला तेही नाही.

तर तुझ्या मनातल्या पक्षाचं तुमच्या भागात कोणी नाही म्हणतेस, हीच तर तुझी जागा आहे. त्यांच्या शहर कार्यालयात जा, फोन नको, स्वतः जा, सिटीलिंकची बस पकड, आणि सांग मला सिडकोतल्या अमुक शाळेतल्या बूथचं काम करायचंय, यादी द्या. मान्यताप्राप्त पक्षांना आयोगाकडून यादी मिळते, त्यामुळे नाही म्हणायला जागा नाही. तरी टाळाटाळ केली तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवरून यादीची पीडीएफ काढता येते, स्वतः काढ आणि एक महिना काम करून परत त्यांच्यासमोर ठेव. तुझ्याशी ते काय बोलतात, कोण उठून खुर्ची देतं, कोण तुझा नंबर घेतो आणि कामाचं एक अक्षर बोलत नाही, हे सगळं बघ. एखादा पक्ष विचाराने तुझा आहे पण तिथला माणूस बायकांशी नीट वागत नाही असं दिसलं तर थांब, घाई नाही, दुसऱ्या कोणाला भेट. पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे, खूप वेळ आहे.

माझी एक गोष्ट सांगते, बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती. आमच्या बूथवर मी अकरा वर्षं काम केल्यावर प्रभागात महिला राखीव जागा आली. सगळे म्हणाले यावेळी तुम्हीच. कार्यालयात बसून माझे फॉर्म तयार करून घेतले, जातीचा दाखला, घरपट्टीची पावती, सगळं. शेवटच्या रात्री तिकीट गेलं आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्या एका माणसाच्या बायकोला. ती बिचारी प्रचारात पण बोलायची नाही, तिच्या शेजारी तो बोलायचा. मला कोणी कळवलं पण नाही, टीव्हीवर यादी लागली त्यात दिसलं. मी चार दिवस घराबाहेर पडले नाही. पाचव्या दिवशी गल्लीतली एक आजी आली, म्हातारी, तिच्या सुनेचं नाव यादीत चुकीचं होतं, तिला बाकी काही माहीत नव्हतं, तिला फक्त फॉर्म भरून हवा होता. मी भरला. मग परत सुरू झालं. त्या निवडणुकीत मी त्यांचा प्रचार केला नाही पण मतदानाच्या दिवशी यादी घेऊन बसले, लोकांना त्यांची खोली शोधून दिली. तो पक्ष मला तेव्हा परका वाटला, यादी मात्र माझीच होती, आणि त्यानंतर प्रभागात कोणीही उभं राहिलं तरी आधी माझ्या दारात यायचं. नगरसेवक मी कधी झाले नाही. त्याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीत ज्यांचं नाव यादीत नाही असं घर आज नाही.

तिकिटाचं तुझ्या मनात आत्ता नसेल, पण येईल. आपल्या मनपात १२२ पैकी ६१ जागा बायकांच्या आहेत, ५० टक्के, २०११ मध्ये कायदा झाला तेव्हापासून. तरी कित्येक ठिकाणी नाव बाईचं आणि कारभार नवऱ्याचा. त्याला कायद्याने औषध नाही, त्याला औषध म्हणजे तुझ्यासारखी बाई जिला स्वतःचा बूथ पाठ आहे. म्हणून घरपट्टी-पाणीपट्टी थकवू नको, राखीव जागेत बसत असशील तर जातपडताळणीचं काम आत्तापासून करून ठेव कारण ऐनवेळी ते होत नाही, आणि मग ते सगळं फाइलमध्ये ठेवून विसरून जा.

ट्यूशनचं टेन्शन बरोबर आहे तुझं, ते मी हलकं समजत नाही. ती तुझी रोजी-रोटी आहे आणि तिथे सगळ्या पक्षांच्या घरातली मुलं येतात. त्यामुळे ट्यूशनच्या खोलीत पक्षाचं कॅलेंडर नाही, पक्षाच्या वह्या वाटायच्या नाहीत, पालकांच्या ग्रुपवर एकही पोस्ट नाही. आणि पालकांना स्वतःहून एकदा सांगून टाक की मी अमुक पक्षाचं काम करते, क्लासमध्ये त्याचा विषय निघणार नाही. लपवलं की बातमी होते. एक-दोन मुलं जातील कदाचित, ते धरून चाल. माझ्या शिवणक्लासच्या तीन बायका गेल्या होत्या, त्यातल्या दोघी दिवाळीनंतर परत आल्या.

पैशाचं मिस्टर म्हणतात ते निवडणूक लढवण्याबद्दल खरं आहे, बूथच्या कामाबद्दल नाही. बूथला लागतात झेरॉक्स, पेन्सिली, चपला झिजतात आणि घरच्यांचा वेळ जातो. पण एक नियम कर, कोणाच्याही गाडीत पेट्रोल तू टाकायचं नाही आणि कोणाकडून खर्चाला म्हणून पाकीट पण घ्यायचं नाही. एकदा घेतलं की तुझ्या तोंडाला कुलूप लागतं. वर्गणी गोळा करायची वेळ आली तर पाच पाच, दहा दहा रुपये पुष्कळांकडून, आणि वहीत लिहून, वही कोणालाही दाखवता येईल अशी. २०१८ मध्ये आपल्या सीबीएसवरून शेतकरी निघाले मुंबईला, १८० किलोमीटर चालत, ते काय श्रीमंतांच्या पैशावर नाही गेले, गावागावात माणसं बांधलेली होती म्हणून गेले.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी चूक नाही. रात्री नऊनंतरच्या मीटिंगला तू नाही म्हणायला शिक, आणि नुसतं नाही न म्हणता सांग की संध्याकाळी पाचला ठेवा, आमच्या घरी ठेवा, मी चहा करते. आम्ही तसं केलं तेव्हा कुठे आमच्याकडे बायका यायला लागल्या, आणि पुरुष पण लवकर घरी जायला लागले. एकटी कुणाच्या गाडीत जाऊ नको, गल्लीतली एखादी मैत्रीण सुरुवातीपासून बरोबर घे, दोघींनी मिळूनच यादी धरा. आणि जमलं तर सासूबाईंनाच एक गल्ली दे. मी गंमत नाही करत. त्या भागात ३० वर्षं राहिलेल्या बाईला जेवढं माहीत असतं, कोण कुठे गेलं, कोणाची मुलगी कुठे दिली, तेवढं कुठल्याच अॅपमध्ये नसतं.

तुला आपल्या गावचंच एक उदाहरण सांगते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, २ मार्च १९३०. बाबासाहेबांचं नाव सगळे घेतात आणि घेतलंच पाहिजे. पण बाबासाहेब काही रोज नाशकात नव्हते, सत्याग्रह पाचेक वर्षं चालला. इथे राहून तो धरून ठेवणारे दादासाहेब गायकवाड, आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. बाबासाहेब त्यांना पत्रं लिहायचे, काय चाललंय, कसं करायचं. बायका पण होत्या त्या सत्याग्रहात. एवढी माणसं एवढे दिवस टिकवायची म्हणजे कोणीतरी रोज बघणारं लागतंच, कोण आलं, कोण नाही आलं, उद्या कोण येणार. दादासाहेब पुढे खासदार झाले, पण १९३० मध्ये त्यांना खासदारकी कोण देणार होतं. मी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गेले की पुढे पंचवटीत मंदिराच्या दारापर्यंत जाते आणि तिथे थोडी उभी राहते.

मतदानाच्या दिवसाचं आत्ता थोडंच सांगते, तेव्हा परत पत्र लिही. पोलिंग एजंट म्हणून आत बसायचं तर सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधीच पोचायचं, मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी मतं, डोळ्यांनी बघायचा. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराचा शब्द पण नाही. आणि लोकसभा-विधानसभेला मतदान संपल्यावर १७ सी फॉर्मची सहीची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही, किती मतं पडली त्याचा तो कागद असतो, कितीही दमलेली असलीस आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत असला तरी.

आता रविवारचं. ते लोक आले की मिस्टरांना आणि सासूबाईंना पण बसव बाहेरच्या खोलीत, एकटीने बोलू नको. चहा दे. आणि असं सांग, की दादा तुम्ही मला मान दिला, आभारी आहे, पण मी पद घेणार नाही, माझा विचार वेगळ्या पक्षाचा आहे आणि मी तिकडे जाऊन काम करणार आहे, ते तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. फ्लेक्सला माझा फोटो दिलेला नाही तो लावू नका. पुढच्या वेळी चेंबर तुंबलं तर मी तुमच्याकडे पण येणार, तुमच्या नगरसेवकांकडे पण येणार, तेव्हा ओळख ठेवा. यातलं शेवटचं वाक्य नक्की बोल, कारण ते आणि तू एकाच गल्लीत राहणार आहात आणि ड्रेनेजची लाइन पण एकच आहे. त्यांनी खूपच आग्रह केला, म्हणाले नुसतं नाव राहू द्या, काम नका करू, तर विचार की तुमच्याकडे आमच्या बूथच्या यादीवर पेन्सिल घेऊन फिरणारं कोण आहे, मला त्यांना भेटायचंय. असेल कोणी तर खरंच भेट, पक्ष वेगळा असला तरी, दोघी मिळून वारलेल्यांची आणि दुबार नावं काढायला अर्धे दिवस लागतील. नसेल, तर त्यांना ते स्वतःलाच ऐकू येईल.

मग सोमवारी पीडीएफ काढ, चाळीस पानांची झेरॉक्स मार, आणि ज्या घरांनी चेंबरच्या कागदावर सह्या केल्या होत्या तिथून सुरुवात कर, त्या गल्लीत तुला दार कोणी बंद करणार नाही. पहिली दहा पानं झाली की मला कळव, किती नावं चुकीची निघाली ते.